जुनी पिस्तुलं आणि माझा फिटिंगचा जॉब

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब आठवतोय ना? एम.एस.चे दोन चपटे तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल असा दात. फाइल घेऊन तीन आठवडे घासत बसायचं आणि हाताला फोड आणायचे. शेवटी माझा दात माझ्या खाचेत बसला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! मग गंमत म्हणून शेजारच्या व्हाइसवरच्या मैत्रिणीचा तुकडा माझ्या खाचेत घालून पाहिला. आत जाईचना. ड्रॉइंग तेच, मापं तीच, मटेरियल तेच, तरी जाईना. वर्कशॉपचे सर म्हणाले, "अगं, जाणारच नाही. हाताने घासलेला जॉब आहे तो. म्हणून तर दोन्ही तुकड्यांवर रोल नंबर पंच करायला लावतो. एकदा ढिगात मिसळले की कुणाचं काय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी दोन महिने अमेरिकेत मावशीकडे गेले होते. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टेबलावर जुनं पिस्तूल सुटं करून ठेवलेलं पाहिलं, आणि मला एकदम आमचे वर्कशॉपचे सर आठवले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख. (रेक्टर मॅडम, काळजी नसावी. मी येताना फक्त चॉकलेटं आणली.) आणि आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी लपाछपी खेळतात. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

मावशी कनेक्टिकट राज्यात राहते, मिडलटाउन नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा. सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली. भाची मेकॅनिकलला आहे असं काकांनी सांगितल्यावर ते म्हणाले, पाठवा तिला, माझा संग्रह दाखवतो. मावशी कुरकुरली, "पोरीला बंदुका कसल्या दाखवता?" काका म्हणाले, "अगं, म्युझियम आहे ते." आणि तसंच निघालं. तळघरात कुलूपबंद खोली, काचेची कपाटं आणि चौदा पिस्तुलं. एकातूनही त्यांनी आजवर गोळी झाडलेली नाही. हात लावायच्या आधी त्यांनी मला पांढरे सुती हातमोजे दिले. घामातलं मीठ लोखंडाला खातं म्हणे. आमच्या वर्कशॉपमधले व्हर्नियर कॅलिपर डोळ्यांसमोर आले आणि मी गप्प बसले.

आजोबांचा नियम एकच: पिस्तूल अमेरिकन सैन्यासाठी बनलेलं पाहिजे आणि 'अँटिक' पाहिजे. अँटिक म्हणजे किती जुनं, हे तिथे मनावर नाही. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ते अँटिक, आणि केंद्राच्या त्या कायद्यापुरतं ते 'फायरआर्म'च्या व्याख्येतूनच बाहेर पडतं. (राज्यांचे नियम वेगळे असू शकतात.) म्हणजे १८९८ च्या डिसेंबरातलं अँटिक आणि १८९९ च्या जानेवारीतलं नुसतंच जुनं! आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि चालू स्थितीतलं पिस्तूल, मग ते कितीही जुनं असो, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तेव्हा होस्टेलवर हा छंद सुरू करायचा विचार कुणी करू नये. त्याबद्दल वाचायला मात्र परवाना लागत नाही.

आता थोडं टेक्निकल. सुरुवातीची पिस्तुलं चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे आदळतो, गारगोटी पोलादी पाटीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडतात, आणि नळीच्या बाजूच्या भोकातून आग आतल्या दारूपर्यंत पोचते. तोफेच्या कानाला बत्ती देतात ना, तसंच, फक्त छोटं. पावसात वाटीतली दारू भिजली की खेळ खलास. आणि गोळी एका वेळी एकच. ती चुकली की पिस्तूल उलटं धरून दस्त्याने समोरच्याचं डोकं फोडायचं, एवढाच उपाय. नंतर टोपी आली: तांब्याची चिमुकली टोपी, आत ठोका बसला की पेटणारं रसायन. टोपी पावसाला भीत नाही. मग सरकारने जुनी चकमकीची पिस्तुलं फेकली नाहीत; घोडा बदलला, वाटी काढली, टोपी बसेल असा तुकडा लावला आणि पुन्हा सैनिकांच्या हातात दिली. आपण लॅबमधल्या जुन्या लेथला नवी मोटर लावतो तसं.

आजोबांनी मला पहिल्यांदा हातात दिलं ते १८४२ मॉडेलचं, हेन्री ॲस्टनने बनवलेलं. ही सैन्याची पहिली मूळचीच टोपीची पिस्तुलं. नळीचा आतला व्यास ०.५४ इंच, म्हणजे जवळजवळ १४ मिलिमीटर; अंगठा जाईल की काय असं वाटतं. ठासणीचा गज एका बिजागरीने नळीलाच जोडलेला, म्हणजे घोड्यावर बसून ठासताना हातातून पडायला नको. किती साधी कल्पना! लॉकप्लेटवर ॲस्टनचं नाव, मिडलटाउन गावाचं नाव आणि साल. ते गाव आम्ही येताना गाडीतून ओलांडलं होतं. तिथे आम्ही पेट्रोल भरलं होतं!

मिडलटाउनचं नाव या गोष्टीत पुन्हा येतं. सिमियन नॉर्थ नावाचा माणूस, मूळचा गवत कापायचे लांब दांड्याचे विळे करणारा. १७९९ साली सरकारने पाचशे पिस्तुलांचं कंत्राट त्याला दिलं आणि पुढे आणखी दीड हजारांचं. ती पिस्तुलं फ्रेंच नमुन्यावरून केलेली आणि हाताने घासून जुळवलेली, म्हणजे आमच्या फिटिंगच्या जॉबसारखीच. पण नॉर्थ डोकेबाज होता. १८०८ मध्ये त्याने नौदलाच्या खात्याला कळवलं की एका कामगाराला एकच भाग दोन हजार होईपर्यंत करायला लावला तर वेळ वाचतो आणि कामही चांगलं होतं. मग १८१३ साली त्याला वीस हजार पिस्तुलांचं, नगाला ७ डॉलर दराचं कंत्राट मिळालं. त्यात एक अट होती, आणि ती अट आजोबांनी मला दोनदा वाचून दाखवली: वीस हजारांतल्या कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे.

मित्रहो, तीन आठवड्यांत दोन तुकडे जुळवताना आमची काय अवस्था झाली ते तुम्ही पाहिलंत. इथे वीस हजार! कामगाराच्या हातात मायक्रोमीटर नाही. लिमिट-फिट-टॉलरन्सची कोष्टकं नाहीत. गेज बनवायचे, प्रत्येक भाग गेजमधून घालून पाहायचा, नाही गेला तर परत घासायचा. नॉर्थला हे लगेच जमलं असं नाही. पण त्या धडपडीतच त्याचा कारखाना मिडलटाउनला उभा राहिला, आणि मिलिंग मशीनच्या अगदी सुरुवातीच्या इतिहासात त्याचं नाव घेतात. पुढे १८३४ पर्यंत त्याने मिडलटाउनला बनवलेले हॉल पद्धतीच्या बंदुकांचे भाग दूरच्या हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यातल्या बंदुकांना बसू लागले. दोन वेगळे कारखाने, मध्ये शेकडो मैल, आणि भाग अदलाबदल करता येतात! इंटरचेंजेबिलिटी हा शब्द आम्ही मेट्रॉलॉजीच्या पेपरात दोन मार्कांसाठी लिहितो. त्यामागे एवढा घाम असेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या पुस्तकात याचं श्रेय एली व्हिटनीला दिलेलं असतं. १८०१ मध्ये त्याने मोठ्या नेत्यांसमोर बंदुकांच्या लॉकचे भाग आलटून पालटून बसवून दाखवले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण नंतर अभ्यासकांनी त्याच्या वाचलेल्या बंदुका उघडून पाहिल्या तर भाग एकमेकांना बसत नव्हते, आणि आतल्या भागांवर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हे कळावं म्हणून खुणा मारलेल्या होत्या. म्हणजे रोल नंबर पंच केलेले! व्हिटनीसाहेबांनी एक्स्टर्नलसमोर डेमो दिला होता, आणि डेमोचा जॉब आधीच जुळवून ठेवला होता असं म्हणायला जागा आहे. (असं आपल्याकडे कुणी करत नाही, हे सर्व स्टाफला माहीत आहेच.)

काकांनी एका रविवारी मला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीतही नेलं. ही १७९४ सालची सरकारी शस्त्रशाळा, १९६८ मध्ये बंद झाली, आता तिथे म्युझियम आहे. मी बंदुकांपेक्षा जास्त वेळ टॉमस ब्लँचर्डच्या लेथसमोर उभी होते. बंदुकीचा लाकडी दस्ता गोल नसतो, वेडावाकडा असतो. हा लेथ लोखंडी नमुन्यावरून चाक फिरवत तोच वेडावाकडा आकार लाकडात उतरवतो. चप्पल दुरुस्तीवाल्याकडचे लाकडी साचे अशाच मशीनवर होतात हे मला तिथे कळलं.

असो. आता खरी गंमत. इंजिनिअरने आयुष्य घालवलं ते कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलाला बसावा म्हणून. आणि संग्राहक आयुष्य घालवतो ते मूळचा भाग मूळच्याच पिस्तुलावर आहे का हे शोधण्यात! भाग जितके सहज बदलता येतात तितकं कुणीतरी बदलल्याची शक्यता जास्त. म्हणून आजोबा पिस्तूल हातात घेतल्यावर आधी नाव-साल बघत नाहीत. आधी स्क्रूची डोकी बघतात. खाच चिघळलेली दिसली की समजायचं, कुणीतरी चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने हे उघडलंय. का उघडलं? आत काय बदललं? चौकशी तिथून सुरू.

मग झीज. झिजेला लॉजिक असतं. पिस्तूल चामड्याच्या म्यानात शेकडो वेळा आत-बाहेर गेलं तर नळीच्या टोकाच्या कडा झिजणार, हात जिथे धरतो तिथलं लाकूड गुळगुळीत होणार. जिथे ना हात लागतो ना चामडं, तिथे झीज दिसली तर ती कुणीतरी पॉलिश पेपरने केलेली. तसेच शिक्के. सरकारी इन्स्पेक्टर पिस्तूल पास झालं की लाकडावर आपल्या नावाची आद्याक्षरं एका चौकटीत ठोकायचा. लाकूड दीडशे वर्षं हाताळलं गेलं तर त्या अक्षरांच्या कडाही तेवढ्याच मऊ व्हायला हव्यात. दस्ता झिजलेला आणि अक्षरं मात्र काल ठोकल्यासारखी टोकदार असतील तर ती खरंच 'काल' ठोकलेली असण्याचा संभव आहे. आजोबा टॉर्च वरून न धरता बाजूने, अगदी आडवा धरतात, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या दिसतात. सरफेस फिनिशचं प्रॅक्टिकल असं कुणी मला आधी शिकवलं असतं तर व्हायवात एवढी भंबेरी उडाली नसती.

चकमकीच्या पिस्तुलांत तर मजेदार फसवणूक चालते. मघाशी सांगितलं की सरकारने चकमकीची टोपीवर आणली. पण आज संग्राहकांना मूळ चकमकीचं जास्त हवं असतं, म्हणून काही लोक टोपीवर आणलेलं पिस्तूल परत चकमकीचं करतात. नवा घोडा, नवी वाटी, बुजवलेलं भोक, सगळं कसं छान! पण नळीवर गंजाचे खड्डे आणि शेजारची पाटी मात्र गुळगुळीत, हे काही लपत नाही. माझं मत विचाराल तर सरकारने केलेला बदल हाही त्या पिस्तुलाचा इतिहासच आहे. तो पुसून त्याला परत 'तरुण' करणं मला पटलं नाही. आजोबांना पटलं, पण ते फक्त हसले.

नंबर जुळण्याची गोष्ट तर सगळ्यांत भारी. हार्पर्स फेरीचं १८०५ मॉडेल हे सरकारी कारखान्यात बनलेलं पहिलं लष्करी पिस्तूल. ती १८०६ ते १८०८ मध्ये चार हजारांच्या थोडी वर झाली, आणि जोडीने दिली जायची: दोन्ही पिस्तुलांवर एकच नंबर. आज एकाच नंबरची दोन्ही एकत्र मिळणं म्हणजे जत्रेत हरवलेले जुळे भाऊ भेटण्यासारखं. (अमेरिकन सैन्याच्या मिलिटरी पोलिसांच्या बिल्ल्यावर एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन पिस्तुलं असतात, ती हीच.)

आणि याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे कोल्टचं १८७३ मॉडेल, सिनेमातल्या काउबॉयचं सहाबारी. घोडदळासाठी साडेसात इंच नळीचं, आणि एकेका पिस्तुलाच्या वेगवेगळ्या भागांवर एकच नंबर ठोकलेला. तो सगळीकडे जुळला की संग्राहक खूश. पण १८९० च्या दशकात सैन्याने यातली हजारो पिस्तुलं परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. त्या कामात बहुतेक पिस्तुलं सुटी झाली आणि नंबरांकडे न बघता समोर येईल त्या भागांनी परत जोडली गेली. जोडता आली, कारण आता भाग खरोखरच कशालाही बसत होते. म्हणून या आखूड, 'आर्टिलरी' म्हणवणाऱ्या पिस्तुलांवर नंबर सहसा जुळत नाहीत, आणि न जुळणं हेच खरेपणाचं लक्षण! सगळे नंबर जुळणारं आखूड पिस्तूल कुणी विकायला आणलं की आजोबा भुवई वर करतात. सुरुवातीची थोडी जुळणारीही आहेत, पण आधी भुवई, मग चर्चा. सिमियन नॉर्थने १८१३ मध्ये घेतलेली अट इथे पूर्ण झाली असं मला वाटलं. आजोबांचं हेच पिस्तूल टेबलावर सुटं पडलं होतं: चार भागांवर चार वेगळे नंबर, आणि जोडलं तर खटकन बसतंय.

कागदपत्रांचंही महत्त्व फार. कोल्ट कंपनीच्या जुन्या वह्यांवरून अमुक नंबरचं पिस्तूल कधी आणि कुठे पाठवलं याचं पत्र पैसे भरून मिळतं. आपलं बोनाफाइड सर्टिफिकेट म्हणा ना. अशा पुराव्यांनी किंमत कुठल्या कुठे जाते. कोल्टचं १८४७ सालचं 'वॉकर' घ्या. सुमारे दोन किलो वजनाचं सहाबारी! तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखाना नव्हता, म्हणून ती एली व्हिटनीच्या मुलाने बनवून दिली: हजार सैन्यासाठी, शंभर बाहेर विकायला. ज्याच्या नावाने पिस्तूल ओळखलं जातं तो कॅप्टन वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरात मेक्सिकोच्या युद्धात मारला गेला. लोखंड तेवढ्या दारूला पुरेसं नसल्यामुळे कित्येकांचे सिलिंडर फुटले. त्या शंभरांतलं एक, मूळ पेटीसकट, २०१८ मध्ये लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. साहजिकच, वॉकरच्या नकलाही भरपूर.

एक गोष्ट मात्र माझ्या गळ्याखाली उतरली नाही. १८७३ च्या कोल्टवर ओ.डब्ल्यू.ए. अशी इन्स्पेक्टर एन्सवर्थची अक्षरं असली की लोक आधी नंबर तपासतात, कारण १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या घोडदळाकडे याच काळातली पिस्तुलं होती. तिथे होतं असं सिद्ध झालं तर किंमत आभाळाला. तिथे कस्टरची माणसं मेली. लाकोटा आणि शायेन लोक त्या दिवशी जिंकले, पण त्यांची जमीन पुढे गेलीच. मी आजोबांना विचारलं, म्हणजे किंमत लोखंडाची की मेलेल्या माणसांची? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणूनच मी त्या नंबरांच्या मागे लागत नाही. मावशीला हे सांगितल्यावर तिने त्यांच्यासाठी डबाभर शंकरपाळे पाठवले.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो मला पहिल्या दिवसापासून विचारायचा होता. या पिस्तुलांचं पितळ काळपट का? घासत का नाही? ते दचकलेच. म्हणाले, घासणं हा यातला सगळ्यात मोठा गुन्हा. तो काळपट थर बनायला दीड शतक लागलं, जायला दहा मिनिटं लागतात. घासताना शिक्क्याच्या कडा जातात, आणि कडा गेल्या की पुरावा गेला. तांबडा, सुटणारा गंज असेल तर तो तेल लावून हलकेच थांबवायचा, वरून मेणाचा पातळ हात द्यायचा. बस्स.

मी तेव्हा काही बोलले नाही. पण मला आमच्या आजोबांच्या शिवराया आठवत होत्या. पाचवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या डब्यातल्या सात शिवराया चिंच लावून घासल्या होत्या. आजी तांब्याची भांडी घासते तशा. अशा लखलखीत झाल्या! 'श्री राजा शिव' ही अक्षरं आधी काळ्यावर काळी होती पण बोटाला लागायची. नंतर चकाकत होती आणि बोटाला लागत नव्हती. आजोबा एवढंच म्हणाले, "वा, छान चकचकीत केल्यास हो." मला शाबासकी वाटली. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर तो डबा कधी निघाला नाही. मी बारावीला असताना ते गेले.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजोबांनी मला एक काम दिलं. प्रत्येक पिस्तुलाचं एक कार्ड आहे: कुठे घेतलं, कितीला, कोणता स्क्रू नवा, कोणती दुरुस्ती कुणी केली. त्यांचा हात थरथरतो, म्हणून चौदा कार्डं मी स्वच्छ अक्षरात परत लिहून दिली. ॲस्टनच्या कार्डावर शेवटची ओळ होती, की दस्त्याचं पितळी टोपण १९६४ मध्ये पॉलिशने घासलं आहे, आणि घासणारा म्हणून त्यांचंच नाव. मी वर पाहिलं तर म्हणाले, तसंच लिही, गाळू नकोस.

घरी आल्यावर बाबांकडून डबा मागून घेतला. इतक्या वर्षांत शिवराया परत थोड्या तांबूस-तपकिरी झाल्यात, अक्षरं आहेत तेवढीच आहेत. आत एक चिठ्ठी घातली: "सातही नाणी चिंचेने घासलेली आहेत. घासणारी मी, इयत्ता पाचवी." खाली तारीख टाकली. तारीख आठवेना, म्हणून नुसता मे महिना आणि साल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी